‘फिरवली’ म्हणणाऱ्या शांतवनास

मंगळवार, तेवीस नोव्हेंबर. जमा रक्कम एकतीस रुपये आठ आणे. हजर: हेडमास्तर, तुझी बायको मार्थाबाई, फोटो-स्टुडिओवाले बाबूराव आणि मी. जागा तुझाच ड्रॉइंगचा वर्ग. कारण, तुझा एक फोटो मोठा करून त्या वर्गात लावायचा.

रक्कम माझ्याकडे दिली. कचेरीत दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात माझी उमर गेली, त्यामुळे नगरात कुठे वर्गणी जमली की ती माझ्या हातात येते. माझी स्वतःची वर्गणी मात्र तीत नाही. हेडमास्तरांनी दोनदा विचारलं, "अण्णा, तुमचे किती धरू?" दोन्ही वेळा मी म्हणालो, "बघू." तुला मातीत ठेवून आठवडा होऊन गेला होता, शांतवन, आणि माझा राग रतीभर कमी झाला नव्हता. आजही झालेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी इतरांशी बोलत नाही, तुझ्याशीच बोलतो आहे. हयातीत तू ऐकून घेतलं नाहीस. आता उठून जाता येणार नाही.

पैसे मोजून झाल्यावर चहा आला, आणि चहाबरोबर ती गोष्ट आली. ती येणार हे मला माहीत होतं. हेडमास्तर बशीत चहा ओतत म्हणाले, "मास्तरांची शिकवण्याची हातोटीच तशी. आमच्या अण्णांनासुद्धा त्यांनी फोटोग्राफी शिकवली! आता आकडे मोजण्याच्या नादात अण्णा फिल्म फिरवायलाच विसरले, त्याला मास्तर काय करणार?"

बाबूराव पोट धरून हसले. "आठ फोटो एकावर एक! अण्णा, तेवढ्या कागदात तुम्ही सरकारची केवढी बचत केली असती!"

मार्थाबाई हसल्या नाहीत. त्या आपल्या हातांकडे बघत बसल्या. नवरा गेलेल्या बाईसमोर हे हसणं बरं नव्हे, म्हणून त्यांना वाईट वाटलं असेल, असं मी तेव्हा समजलो.

ही गोष्ट दीड वर्ष नगरभर फिरते आहे. ती खोटी आहे हे दोन माणसांना माहीत होतं. त्यातला एक तू.

सुरुवातीपासून सांगतो. तुझ्याइतकं ते कुणाला ठाऊक नाही, तरी सांगतो, कारण तू ते नेहमी अर्ध्यावरून सांगायचास.

लढाई चालू होती तोवर कॅन्टोन्मेंटच्या बाजूला कॅमेरा नुसता खांद्याला दिसला तरी शिपाई हटकायचा. लढाई संपली, आणि मायदेशी परतणाऱ्या एका मिशनरीकडून तू तो घडीचा कॅमेरा जुन्या भावात घेतलास. आठ फोटोंचा रोल, मागे फोटोचा आकडा दाखवणारी तांबड्या काचेची खिडकी, बाजूला फिल्म पुढे सरकवायची चावी. गोल्फच्या माळावर सराव करायची परवानगी तूच मिळवलीस. क्लबचा सेक्रेटरी एक मेजर होता. तू त्याला त्याच्याच क्लबघराचं पेन्सिलचित्र काढून दिलंस आणि त्याने तुला रविवार दिला.

मी प्रथम तो माळ पाहिला तेव्हा म्हणालो, "इथं काय आहे फोटो काढण्यासारखं? मुरूम आहे आणि चार बाभळी." हिरवळ म्हणून जिला साहेब लोक म्हणतात ती आमच्या नगरात पावसाळ्यापुरती. बाकी वर्षभर चेंडू ज्या खळग्यात घालायचा त्याच्याभोवती वाळू पसरून तिच्यावर मोटारीचं जळकं तेल ओतलेलं. लांबून पाहिलं तर माळावर कुणी काळ्या भाकऱ्या वाळत घातल्या आहेत असं वाटे.

तू म्हणालास, "काही नाही म्हणूनच इथं शिकायचं. अण्णा, बागेत कुणालाही फोटो येतो."

आणि तू मला बसवून ठेवलंस. चांदबिबीच्या महालाची टेकडी लांब पूर्वेला. ऊन वर येईपर्यंत ती कागदाची कापून चिकटवल्यासारखी दिसे. मग कडेने उजेड उतरायला लागला की तिला पोट सुटे, खांदे येत, मधल्या घळी दिसत. जमिनीवरच्या प्रत्येक खड्याला सावली फुटे. तोच माळ, तोच मुरूम. मी वीस वर्षं त्या टेकडीच्या गावात राहिलो होतो आणि तिला पोट आहे हे मला माहीत नव्हतं. हे तू मला दिलंस. हे मी नाकारत नाही. जमेच्या बाजूला जे आहे ते आहे.

पण आपलं भांडणही तिथंच सुरू झालं. माझं म्हणणं, उजेडाचं कोष्टक करता येतं: कुठला महिना, कुठला प्रहर, ढग किती, त्यावर भिंगाचं छिद्र किती आणि झडपेचा वेग किती. तू म्हणायचास, "कोष्टक बघत बसशील तोवर उजेड जाईल." मी म्हणायचो, "आणि तुझ्या अंदाजाने फिल्म जाईल." खरं तर अर्ध्या वेळा तुझा अंदाज बरोबर यायचा आणि अर्ध्या वेळा माझं कोष्टक. हे भांडण मिटलं नाही. मला ते मिटायला नकोही होतं.

अडचण फिल्मची होती. लढाई संपली तरी रोल मिळत नसे. बाबूरावांकडे चार महिन्यांत एखादा यायचा आणि तो लग्नाच्या फोटोला जायचा. तेव्हा तू ती युक्ती काढलीस. सराव रिकाम्या कॅमेऱ्याने करायचा.

ती पद्धत आठव. तुका नावाचा चेंडूवाला होता. साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहणारा, कॅन्टोन्मेंटच्या पलीकडच्या वस्तीवरचा, चाळिशीतला माणूस. साहेब यायच्या आधी तो एक जुनी काठी घेऊन आपल्यासाठी उभा राहायचा आणि चेंडू न ठेवताच फिरवायचा. तू गुडघ्यावर बसून कॅमेरा रोखायचास. काठी वर गेली, थांबली, खाली आली, आणि ज्या क्षणी चेंडू असता तर उडाला असता त्या क्षणी तू कळ दाबायचास. "टिपलं," तू म्हणायचास. मी आकडा म्हणायचो, "एक." मग तू म्हणायचास, "फिरवली." चावीला हात न लावता. रिकामा कॅमेरा, फिरवायचं काय? पण क्रम अंगात मुरावा म्हणून शब्द म्हणायचा. टिपलं, दोन, फिरवली. टिपलं, तीन, फिरवली.

तुका पहिल्या दिवशी हसून जमिनीवर बसला. "आवो मास्तर, ह्ये कसलं फोटू काढनं? आत फिल्लम न्हाई, अन् नुसतं खटॅक खटॅक!"

तू म्हणालास, "तुझ्या काठीपुढं तरी चेंडू कुठं आहे?"

"मंग बरूबर हाय," तुका म्हणाला. "तुमी बी खोटं, मी बी खोटा. ह्ये अण्णा तेवडे खरं खरं मोजत्यात."

तीच ओळ पुढे माझ्या नशिबी आली.

तू शिकवलेलं एक वाक्य मी अजून विसरलेलो नाही: "दिसलं की दाबलं, तर गेलं." डोळ्याला दिसून बोटाला कळेपर्यंत काठी निघून जाते. म्हणून दिसायच्या आधी दाबायचं, माणसाच्या खांद्यावरून ओळखायचं. गोल्फसारखी शाळा नाही, तू म्हणायचास. क्रिकेटमध्ये काय कुठे होईल सांगता येत नाही. इथे माणूस उभा राहतो, हलतो, पुन्हा उभा राहतो, श्वास घेतो. कुठे होणार ते ठाऊक असतं, कधी तेवढं ओळखायचं. मी ओळखायला शिकलो. पण कॅमेरा तुझा. माझ्या हातात तू तो क्वचित द्यायचास. माझं काम उजेड सांगणं आणि आकडा म्हणणं. हे नीट ध्यानात ठेव.

मग देशाला स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षीचा उन्हाळा. मेजर परत जाणार होता. जाण्यापूर्वी त्याला आपल्या माळाची आठ चित्रं हवी होती: दोन नुसत्या माळाची, सहा शेवटच्या सामन्यातल्या खेळाडूंची. रोल त्यानेच दिला, एकच. रविवारी सकाळी आपण गेलो. रोल तू घातलास. महालाच्या टेकडीचे दोन फोटो घेतलेस. नंतर साहेब खेळायला आले. तू गुडघ्यावर बसलास.

"टिपलं."

"तीन."

"फिरवली."

मी तुझ्या मागे उभा होतो. तांबडी खिडकी तुझ्या छातीशी. मला दिसत नव्हती आणि बघायचं माझं काम नव्हतं. तुझा आवाज मात्र स्वच्छ होता. आठही वेळा तू म्हणालास, "फिरवली." जन्मभर हिशेब तपासलेल्या माणसाने तुझ्या शब्दावर भरवसा ठेवला.

बाबूरावांच्या अंधारखोलीतून रोल बाहेर आला. सात घरं कोरी, काचेसारखी. एक घर करपलेल्या भाकरीसारखं काळं. बाबूरावांनी ते दिव्यासमोर धरलं. महालाची टेकडी दोनदा, एकमेकींवर सरकलेली, आणि तिच्या पोटातून काठ्या उगवलेल्या साहेबांचा एक गोळा, हातच हात. एवढे महिने तू तोंडाने फिल्म फिरवत होतास. त्या दिवशीही तोंडानेच फिरवलीस.

तू पांढरा पडलास. मला तुझी दया आली. हे तुला सांगायचं राहिलं, म्हणून आता सांगतो: त्या क्षणी मला राग नव्हता. एवढ्या सरावाची चूक एवढ्या सरावाच्या माणसाकडूनच होते, नवख्याकडून होत नाही. नवख्याने चावी फिरवलीच असती.

राग दुसऱ्या दिवशीचा. क्लबघराच्या व्हरांड्यात मेजरसमोर तू उभा, मी पायऱ्यांखाली. मेजरने विचारलं, आणि तू मागे न बघता माझ्याकडे हात केलास. "माय असिस्टंट, सर." एवढं इंग्रजी मला येतं.

मेजरने तुला दुसरा रोल दिला. पुढच्या रविवारी ये म्हणाला, पण त्या माणसाला आणू नकोस म्हणाला.

परतताना तू रस्त्यात माझा दंड धरलास. "अण्णा, महिनाभर सांभाळून घे. साहेब गेला की मीच सगळ्यांना सांगतो."

मी म्हणालो, "ठीक आहे."

साहेब गेला. मी विचारलं. तू म्हणालास, "शाळा सुरू होऊ दे." शाळा सुरू झाली. तू म्हणालास, "दिवाळी होऊ दे." दिवाळीनंतर तू हसलास आणि म्हणालास, "अरे, आता कुणाच्या लक्षात आहे?"

सगळ्यांच्या लक्षात होतं. कचेरीत मी वही उघडली की शेजारचा कारकून म्हणे, "अण्णा, पान उलटलं का? नाहीतर आठ महिन्यांचा जमाखर्च एकाच पानावर!" साहेबासमोर म्हणे. माझ्या धाकट्या मेहुण्याच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत कुणी तरी ते म्हणालं आणि आमच्या घरातली माणसंही हसली. मी हसलो नाही, म्हणून आणखी हसली. ज्याची सगळी पुंजी म्हणजे त्याच्या हिशेबात चूक निघत नाही ही गोष्ट, त्याची तू ती पुंजी घेतलीस. आणि माळ घेतलास. नव्या अधिकाऱ्यांनीही तुला सामन्यांना बोलावलं, मला मज्जाव तसाच राहिला. रविवारी सकाळी मी घरात बसून महालामागे ऊन किती चढलं असेल याचा हिशेब करायचो. शेवटी मी तुझ्याशी बोलणं सोडलं. नगर एवढंसं गाव, तरी आपण वर्षभर एकमेकांना टाळू शकलो. तुला ते फार जड गेलं असं दिसलं नाही.

मिशनच्या दवाखान्यात तू विषमज्वराने पडलास तेव्हा मी आलो. संत्री आणली. खाटेशेजारी बसलो आणि वाट पाहिली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. चार शब्दांचं काम होतं.

तू डोळे मिटून म्हणालास, "अण्णा, महालामागं ऊन कसं पडतंय रे हल्ली?"

"मी जात नाही तिकडे."

"जा की. आता थंडी आहे, धुकं असतं."

नर्स आली आणि वेळ संपली म्हणाली. मी उठलो. तू उजेडाबद्दल बोललास, शांतवन. मरताना माणूस खोटं बोलत नाही म्हणतात. तू खरंही बोलला नाहीस.

आता त्या मंगळवारनंतरचं ऐक. फोटो मोठा करायचा, पण फोटो कुठला? जगाचे फोटो काढणाऱ्याचा स्वतःचा फोटो घरात एकच निघाला. मार्थाबाईंनी तो बाबूरावांकडे दिला. तू माळावर उभा, डोक्याला टोपी नाही, हात कपाळाशी, टेकडीकडे बघतोस, आणि गालावर बाजूचं ऊन. "मास्तरांनी स्वतःचाही काय झकास काढलाय!" हेडमास्तर म्हणाले. स्वतःचा फोटो असा लांब उभं राहून कसा निघेल, हे त्यांना सुचलं नाही. तो मी काढलेला आहे. आपल्याला मिळालेल्या पहिल्या रोलमधला आठवा फोटो. तू माझ्याशी उजेडावरून भांडून पाठ फिरवलीस, तेवढ्यात मी कॅमेरा उचलला, तुझा खांदा पाहून कळ दाबली आणि चावी फिरवली.

मी ठरवलं. फोटो लावण्याच्या दिवशी मला चार शब्द बोलायचे होते, ते मी खरे बोलणार. पण विधवा बाईवर अचानक घाव नको, म्हणून आदल्या दुपारी घरी जाऊन मार्थाबाईंना आधी सांगितलं.

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. "मला माहीत आहे, अण्णा," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी. अण्णाचं नाव पुढं केलं म्हणाले. जेवले नाहीत."

दोन माणसांना माहीत होतं असं मी म्हणत आलो. तीन होती.

"मग तुम्हीही गप्प बसलात?"

"माझं ऑपरेशन होतं त्या महिन्यात. दुसऱ्या रोलच्या फोटोंबद्दल साहेबाने दिलेले पैसे त्यात गेले. नंतरच्या सामन्यांचे औषधात." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "तुम्ही पायरी चढून भांडायला आला असतात ना, तर मी सांगितलं असतं. तुम्ही येणंच सोडलं."

"मला तेव्हाच सांगितलं असतं तर?" मी म्हणालो. "ऑपरेशन आहे, एवढंच. मी काय नाही म्हणालो असतो?"

"तेच मी त्यांना म्हणायची. ते म्हणायचे, अण्णा मग पैसे देऊ करील, आणि ते मला घेता येणार नाहीत."

बघ. पैसे घेता येणार नव्हते, म्हणून माझं नाव घेतलंस. पैसे मी परत मागितले असते की नाही ते सोड. परत करता तरी आले असते. तुझ्या अभिमानाचा खर्च तू माझ्या नावावर टाकलास. मी एरवी एक महिनाच काय, वर्षभर खुशीने वेडा ठरलो असतो. तू मला कारण सांगितलं नाहीस, एवढाच माझा दावा आहे, आणि तो आता कुठल्या कोर्टात चालणार?

उठताना मार्थाबाई म्हणाल्या, "उद्या बोला तुम्ही. मी समोरच बसते."

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला होता. फोटोला हार घातला, प्रार्थना झाली, हेडमास्तर बोलायला उठले आणि बसेनात. शेवटी घड्याळ बघून म्हणाले, "अण्णाही दोन शब्द बोलणार होते, पण वेळ थोडा आहे. आणि अण्णांचं काय, ते आठ भाषणं एकदम करून टाकतील, एकावर एक!" मुलं हसली. शाळेतले बाकीचे मास्तर हसले. खिशातल्या भाषणाच्या कागदावरचा हात मी बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला.

मार्थाबाई बसल्या जागेवरून बोलल्या. आवाज चढवला नाही. "फिल्म फिरवायची राहिली ती ह्यांच्याकडून. अण्णांकडून नाही. ह्यांनी अण्णांचं नाव सांगितलं. आणि हा फोटो अण्णांनी काढलेला आहे."

हेडमास्तर म्हणाले, "हो का? हो का?" मग घंटा द्यायला सांगितलं.

मुलं निघून गेली. बाबूराव माझ्याकडे न बघता स्टूल उचलायला लागले. दीड वर्ष मी या घटकेची वाट पाहत होतो. ती आली आणि मला तुझाच राग आला, पहिल्यापेक्षा जास्त. ते वाक्य त्या बाईने का बोलावं? नवऱ्याला जाऊन महिना होतो तोच, भरल्या वर्गात, त्याच्या हाराखाली बसून? ते तुझं काम होतं. मला ते सगळ्या नगरासमोर नको होतं, शांतवन. रस्त्यात दंड धरला होतास ना, तिथंच, तुझ्या तोंडून हवं होतं. दुसऱ्या कुणी ते दिल्याने माझं फिटत नाही.

मी अजून माळावर गेलेलो नाही. धुकं पडतं आहे, हे मला घरातूनही कळतं.

हिशेब असा पुरा झाला. फोटो मोठा करण्याबद्दल बाबूरावांना चौदा रुपये. त्यांनी दोन परत देऊ केले, मी घेतले नाहीत. काच आणि चौकटीबद्दल सुताराला सहा रुपये आठ आणे. उरलेले अकरा रुपये मार्थाबाईंना पोचवले. माझी वर्गणी नाही, आणि ती मी देणार नाही. मार्थाबाईंनी त्या अकरा रुपयांतले बारा आणे माझ्यासमोर मोजून पेंटरला दिले, चौकटीच्या खालच्या पट्टीवर ‘छायाचित्र’ या शब्दापुढे माझं नाव लिहिण्याबद्दल.